सीलबंद घंटा

मापसाहेबांच्या घरात हाकेचा एक नियम होता आणि तो दोन्ही पक्षांनी अडतीस वर्षं पाळला होता. काकूंनी आतून पहिल्यांदा "अहो" म्हटलं की मापसाहेबांनी ते ऐकायचं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं की "हं" करायचं, पण हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचं नाही. तिसऱ्या "अहो"ला मात्र उठायचं, आणि दारात येऊन "आलो, आलो" असं म्हणायचं की जणू ते पहिल्यालाच निघाले होते. बाहेरच्या खोलीतल्या टेबलापासून आतलं दार सहा पावलांवर होतं. काकूही काही कच्च्या नव्हत्या. पहिल्या दोन हाका त्या सवयीने मारत आणि कामाची गोष्ट तिसरीसाठी राखून ठेवत.

गेल्या वर्षी एका सकाळी काकूंची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर "अहो"ही गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द हळूहळू परत येतील. दहा महिन्यांत एकच आला, "नको". पाणी हवं असलं तरी नको, पंखा बंद करायचा असला तरी नको, कूस बदलायची असली तरी नको, आणि खरोखरच काही नको असलं तरी नकोच. अडतीस वर्षांत ज्या बाईने घरात येणाऱ्या कशालाही कधी नको म्हटलं नव्हतं, तिच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा, यावर मापसाहेब एकदा मोरीत तोंड धुताना रडले होते. त्यानंतर त्यांनी तो विषय स्वतःपुरता बंद केला.

मापसाहेब हे टोपणनाव. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असतील तर शिशाचं सील ठोकायचं, नसतील तर जप्त करायचे, हे काम. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दूधवाल्याचं माप घरच्या भांड्याने तपासलं, तेव्हापासून इमारतीत हे नाव पडलं. त्यांना ते आवडत नसे, पण ते चुकीचं आहे असंही त्यांना म्हणता येईना.

काकूंचं सगळं करायला सकाळी आठला एक मावशी येत आणि बाराला जात. जाताना त्या काकूंच्या डाव्या हाताशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवून जात. काही लागलं की काकू वाटीवर चमचा मारत आणि मापसाहेब बाहेरच्या खोलीतून येत. पद्धत उत्तम होती. तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं.

पण एक दिवस समोरच्या वहिनींनी जिन्यात विचारलं, "काका, दुपारी तुमच्याकडून टणटण ऐकू येतं. काकूंना जेवायला उशीर होतो का हो?"

मापसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपल्या घरात बायको वाटी वाजवते आणि ते शेजारी ऐकतात! त्यांनी घरात येऊन चमचा उचलला, वाटी उचलली, दोन्ही फडताळात सर्वांत वर ठेवलं आणि जाहीर केलं, "तुला मी घंटा करून देतो. विजेची. बटण दाबायचं, बस्स."

"नको," काकू म्हणाल्या.

मुलगी परगावी असते. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, तयार घंटा मिळते हो. मी मागवते, परवा घरी येईल."

"तयार वस्तू कोणी तपासलेली असते?"

"घंटेत काय तपासायचंय, बाबा?"

"तेच तर," मापसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आता या "तेच तर"चा अर्थ काय, हे मुलीला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मापसाहेबांनाही कळलेलं नव्हतं. पण संभाषण आपल्या बाजूने संपलं याचं त्यांना समाधान होतं.

पहिली घंटा एका दिवसात झाली. काकूंच्या उशाशी बटण, बाहेरच्या टेबलावर शेजारी काय, आतल्या पलंगापर्यंतही पोचणार नाही अशा बारीक आवाजाची घंटा आणि भिंतीत खुपसलेला बारा व्होल्टचा अडॅप्टर. तळमजल्यावर एक निवृत्त वायरमन राहतात. ते न बोलावता पाहायला आले, कारण इमारतीत कुठेही तार सोललेली त्यांना वासावरून कळते. त्यांनी अडॅप्टर हातात घेतला आणि मापसाहेबांना पहिला धडा दिला.

"भिंतीतली वीज सरळ नसते, साहेब. सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते, पन्नास वेळा मागे येते. तुमच्या घंटेला ते झेपायचं नाही. म्हणून यात चार डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे एका बाजूलाच उघडणारं दार. चार दारं अशी लावायची की वीज पुढे जावो की मागे, बाहेर पडताना एकाच दिशेने पडते."

मापसाहेबांना हे फार आवडलं. उनाड वस्तूला शिस्त लावणारं कोणीतरी खात्याबाहेरही आहे, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी लगेच एक नोंदवही काढली, रकाने आखले: वेळ, कारण, कार्यवाही. घंटा वाजली की आधी नोंद करायची आणि मग उठायचं. पहिल्या दिवशी पाच नोंदी झाल्या. पाचही वेळा कारणाच्या रकान्यात "नको" असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि घंटा मुकी झाली. वायरमन म्हणाले, "बॅटरी लावा." मापसाहेबांनी दीड दीड व्होल्टचे सहा सेल एका डबीत बसवले, तारा काढल्या आणि अडॅप्टरच्या तारांना सरळ जोडून टाकल्या. दोघे मिळून काम करतील अशी त्यांची कल्पना. चार दिवसांनी सेल फुगले आणि त्यांतून पाझरलेल्या चिकट पाण्याने टेबलक्लॉथवर कायमचा डाग पडला.

"दोघांना एकत्र बांधलंत?" वायरमननी कपाळावर हात मारला. "अडॅप्टर बाराचा, सेल नऊचे. जोरदार माणूस दुबळ्याच्या अंगावर जाणारच. प्रत्येकाच्या वाटेवर एकेक डायोड घाला. दोघांनी घंटेकडे जावं, पण एकमेकांकडे जाता कामा नये."

असे डायोड बाजारातल्या एका अरुंद दुकानात मिळत. दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत लहान लहान खण, आणि मध्ये स्टुलावर बसलेल्या एक बाई. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्यांचा हात खणात गेलेला असे. डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी काळी कांडी, दोन बाजूंना दोन तारा आणि एका टोकाला चंदेरी पट्टी.

"पट्टीच्या बाजूने वीज बाहेर पडते," बाई म्हणाल्या. "म्हणजे पट्टी घंटेकडे. सेलकडे नाही. नीट ध्यानात ठेवा, आजोबा, लोक इथंच चुकतात."

आजोबा हा शब्द मापसाहेबांना लागला. पण त्यांनी पट्टी घंटेकडे लावली, घंटा वीज असताना वाजली, नसतानाही वाजली, आणि ते दोन दिवस सुखात होते.

तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि परत आली ती अशी हिसका देऊन की घंटेतली चिप जळाली. पुन्हा दुकान. बाईंनी या वेळी काचेची, केशरी रंगाची कांडी दिली. "हा झेनर. हा मुद्दाम उलटा लावतात. पट्टी पॉझिटिव्हकडे. ठरलेल्या दाबापर्यंत हा दार बंद ठेवतो. दाब त्याच्यावर गेला की दार उघडतो आणि जास्तीचं परस्पर सोडून देतो. आणि त्याच्याआधी एक रेझिस्टर घाला, वीज थोडी अडवून धरणारा, नाहीतर सगळं त्याच्याच डोक्यावर येऊन तो मरेल."

"एक सुलटा लावायचा आणि एक उलटा?"

"प्रत्येकाचं काम वेगळं, आजोबा."

मापसाहेबांनी वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: पट्टी पॉझिटिव्हकडे. कोणाची, ते लिहिलं नाही. कोणाची ते तेव्हा स्वच्छ आठवत होतं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण औषधं आणायला मापसाहेबांना कधीतरी बाहेर जावं लागे, आणि तेव्हा घंटा ऐकणार कोण? समोरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, माझ्या दारावरच्या घंटेलाच तुमची तार जोडा की. मी घरीच असते." आता दोन दारांच्या मध्ये सात फूट मार्गिका, आणि मार्गिका सगळ्या इमारतीची. सोसायटीच्या समितीच्या सचिवांनी अर्ज मागितला, तीन प्रतींत, सोबत नकाशा आणि लाभार्थीची संमती.

"लाभार्थी कोण?" मापसाहेबांनी विचारलं.

"घंटा जे वाजवणार ते." सचिव स्वतः कागद घेऊन आले, काकूंच्या पलंगाशी वाकले आणि कानात ओरडले, "काकू, तुम्हाला घंटा हवी आहे ना?"

"नको," काकू म्हणाल्या.

सचिवांनी लिहून घेतलं: लाभार्थीचा विरोध. मापसाहेबांनी परोपरीने सांगितलं की काकूंच्या बोलण्याचा तसा अर्थ नसतो. सचिव म्हणाले, मला कळतंय हो, पण समितीला कागद लागतो. मग डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. डॉक्टरांनी दाखला दिला की रुग्णाच्या "नको" या शब्दाचा अर्थ "नको" असाच घेण्यात येऊ नये. समितीने यावर विचारणा केली की मग काय घेण्यात यावा. या पत्रव्यवहाराला तीन आठवडे लागले. एकतीस वर्षं मापसाहेबांनी स्वतः असली पत्रं लिहिली होती. पत्र मिळणाऱ्याचं काय होतं, हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं.

शेवटी तार गेली आणि वेगळंच सुरू झालं. वहिनींच्या दारावर कोणी बटण दाबलं की ती वीज त्याच तारेने उलटी येऊन मापसाहेबांचीही घंटा वाजवू लागली. पहिल्या दिवशी मापसाहेब चौदा वेळा उठून आत गेले. "काय गं?" "नको." त्यातले तीन टपालवाले होते, दोन भाजीवाल्या, आणि बाकी सगळी वहिनींची नणंद, जी विसरलेल्या वस्तू न्यायला पुन्हा पुन्हा येत होती. काकू नवऱ्याकडे टक लावून पाहत होत्या. न बोलावता हा माणूस चौदा वेळा आपल्या खोलीत का यावा, हे त्यांना उमगत नसावं. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बरा दिसत होता, असं मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. मापसाहेबांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी सात फुटी तारेत पट्टी वहिनींकडे करून एक डायोड घातला आणि हा उपद्रव बंद केला. इथली वीज तिकडे जाईल, तिकडची इकडे येणार नाही.

वायरमन म्हणाले, "आता एकच करा, साहेब. काकूंच्या बाजूला एक छोटा लाल दिवा लावा. एलईडी. तोही डायोडच, फक्त त्यातून वीज वाहिली की उजळतो. घंटा बाहेर वाजते, काकूंना आत काही कळत नाही. दिवा लागला की त्यांना समजेल, वाजली म्हणून."

"ऐकायचं मी आहे," मापसाहेब म्हणाले. "तिला समजून काय करायचंय? आणि दिवा म्हणजे परत दोन व्होल्ट खाणार."

हे खाण्याचं प्रकरण त्यांच्या डोक्यात दोन दिवसांपासून होतं. त्यांनी मीटर आणून मोजमाप केलं होतं आणि त्यांना धक्का बसला होता. डायोडच्या अलीकडे नऊ व्होल्ट होते, तर पलीकडे आठ पूर्णांक तीन दशांश. प्रत्येक डायोड जाणाऱ्या विजेतून सात दशांश व्होल्ट काढून घेत होता! किलोमागे दहा ग्रॅम कमी भरलं म्हणून त्यांनी माणसांचे तराजू जप्त केले होते, आणि इथे त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच हातांनी बसवलेला एक काळा दाणा उघड उघड माप मारत होता. ते तडक दुकानात गेले.

"सगळेच खातात, आजोबा. त्याशिवाय दार उघडत नाही," बाई म्हणाल्या. "कमी खाणारा हवा असेल तर शॉटकी घ्या. तीन दशांशात काम करतो."

"घंटेला चालतं की हो आठ व्होल्टवर," वायरमन म्हणाले. "कशाला हात लावताय?"

"प्रश्न चालण्याचा नाही," मापसाहेब म्हणाले.

एका गुरुवारी सकाळी त्यांनी जुने डायोड काढून शॉटकी बसवायला घेतले. अडॅप्टरच्या वाटेवरचा नीट बसला. सेलच्या वाटेवरचा बसवताना मावशींनी आतून हाक मारली, काकूंना उचलायला हात हवा होता. परत येऊन त्यांनी चष्मा पुसला, वहीचं शेवटचं पान पाहिलं आणि पट्टी पॉझिटिव्हकडे, म्हणजे सेलकडे, करून कथिलाचा डाग दिला. घंटा वाजवली. वाजली, कारण तेव्हा वीज होती. आता अडॅप्टर काढून सेलवर वाजवून पाहायची, एवढ्यात सचिव आले. समितीला तारेची अंतिम तपासणी करायची होती. सचिवांसमोर घंटेच्या जोडण्यांची पेटी उघडी ठेवणं मापसाहेबांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी झाकण लावलं, जुन्या बॅगेतून खात्याची पक्कड काढली, झाकणाच्या भोकांतून तार ओवली आणि तिच्यावर शिशाचं सील दाबलं. सचिव प्रभावित झाले. जाताना म्हणाले, "याला म्हणतात काम."

सील लागलेली वस्तू वर्षभर उघडायची नाही, ही एकतीस वर्षांची सवय होती. दुसऱ्या दिवशी सेलची डबी हाताला कोमट लागली. उलट्या दारातून अडॅप्टर सेलमध्ये घुसत होता. मापसाहेबांना वाटलं, चला, जागे आहेत.

सोमवारी दुपारी सव्वाबाराला वीज गेली. मावशी नुकत्याच गेल्या होत्या आणि समोरच्या वहिनी नणंदेकडे होत्या. मापसाहेब निर्धास्त होते. ते टेबलाशी बसून समितीला आभाराचं पत्र लिहीत होते, आणि ते पत्र फार चांगलं वठत होतं. घर शांत होतं. पंख्याचा आवाज नाही, घंटेचा नाही. दीडच्या सुमारास कुठेतरी काहीतरी पडल्याचा आवाज झाला, धातूचा, घरंगळत गेल्यासारखा. मापसाहेबांनी मान वर केली. वरच्या मजल्यावरचं असावं. नसलं तरी, काही हवं असेल तर घंटा वाजवेल की. घंटा आहे कशाला? त्यांनी पुढचा परिच्छेद घेतला. साडेतीनला पत्र पुरं झालं. मग त्यांनी नोंदवही ओढली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: दुपारी सव्वाबारा ते साडेतीन, निरंक.

ते चहाचं विचारायला आत गेले.

पेला जमिनीवर पलंगाखाली गेला होता. काकू पलंगाच्या काठाशी अर्ध्या खाली लोंबत होत्या आणि त्यांचं डोकं उशीवरून घसरून खुर्चीच्या पायाला टेकलं होतं. चादर, गाऊन, गादी, सगळं भिजून गार झालं होतं. डावा हात तेवढा वर होता. अंगठा बटणावर होता आणि तो अजून दाबत होता. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. अंगठ्याची कातडी सोलली होती. मापसाहेबांना पाहूनही तो थांबला नाही. त्यांनी तो स्वतःच्या हातांनी बटणावरून काढला.

"नको," काकू म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच या शब्दाचा अर्थ काय, याबद्दल मापसाहेबांना शंका आली नाही.

मापसाहेबांनी काकूंना उचललं. एकट्याने उचलताना पाठीत कळ आली. पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली, अंगठ्याला मलम लावून पट्टी बांधली. काकूंनी एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग मापसाहेबांनी पेटी आणून पलंगाशी ठेवली, पकडीने स्वतःचं सील तोडलं, झाकण काढलं आणि उलटा बसलेला डायोड काकूंना दाखवला.

"हे बघ. ही पट्टी. ही घंटेकडे हवी होती, ती सेलकडे झाली. म्हणून वीज गेल्यावर सेल असूनही दार बंद राहिलं. घंटा वाजलीच नाही गं. तू दाबत होतीस, पण बाहेर वाजत नव्हती. मला ऐकू येऊन मी आलो नाही, असं नाहीये."

काकू भिंतीकडे पाहत राहिल्या. मापसाहेब आणखी समजावू लागले. झेनर उलटा का लावतात, त्यामुळे आपला घोटाळा कसा झाला, शॉटकी किती कमी खातो, सगळं. कागदावर आकृतीही काढून दाखवली. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच जाणवलं की हे आपण समितीला सांगतो तसं सांगतोय. आणि मग त्यांना ते दुसरंही कळलं. काकूंना घंटा ऐकू येत नव्हती. वाजली नाही हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. तीन तास त्या समजत होत्या की बाहेर घंटा वाजतेय, नवरा सहा पावलांवर बसलाय, आणि उठत नाही. अडतीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. फक्त या वेळी तिसरी हाक येऊन गेली होती, तिसावी गेली होती, तीनशेवी गेली होती.

चार दिवस काकूंनी बटणाला हात लावला नाही. मापसाहेबांनी वाटी आणि चमचा फडताळातून काढून आणला, धुतला, हाताशी ठेवला. काकूंनी तोही घेतला नाही. तहान लागली तरी पडून राहायच्या. दुपारी मापसाहेब दर दहा मिनिटांनी आत येऊन अंदाजाने विचारायचे, पाणी? कूस? पंखा? उत्तर येत नसे, "नको"सुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल. मुलगी फोनवर रडली. वायरमन येऊन दारातूनच गेले. ते "मी सांगत होतो" असं म्हणाले नाहीत, आणि ते म्हणाले असते तर मापसाहेबांना बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी मापसाहेबांनी डायोड सुलटा केला. सहा सेल नवे घातले. अडॅप्टर काढून वाजवली, लावून वाजवली, पुन्हा काढून वाजवली. काकूंच्या उशाशी, बटणाच्या वर, एक लाल एलईडी बसवला. त्याची लांब तार पॉझिटिव्हला, आखूड निगेटिव्हला, हे तीन वेळा तपासलं. सील लावलं नाही. मग त्यांनी नोंदवही आणली, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, आणि काकूंना दिसेल अशी धरून "निरंक" या शब्दावर एक रेघ मारली. खात्यात खाडाखोड चालत नसे. एक सरळ रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची आणि सही करायची. पण दुरुस्ती काय लिहावी, हे त्यांना सुचेना. पेन तसंच हातात राहिलं.

"पेला पडलेला मी ऐकला होता," ते म्हणाले.

काकूंचे डोळे भिंतीवरून निघाले.

"घंटा वाजली नाही ते खरं आहे. पण पेला पडला तो ऐकला मी. मान वर केली, आणि म्हटलं, काही हवं असेल तर घंटा वाजवेल. आणि पत्र लिहीत बसलो. डायोड नाही, मीच." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुझं 'अहो'सुद्धा मला पहिल्यापासून ऐकू यायचं. दर वेळी. मी मुद्दाम बसून राहायचो."

काकूंचा डावा हात चादरीवरून सरकत सरकत गेला, आणि पट्टी बांधलेला अंगठा बटणावर आला. लाल दिवा लागला. बाहेरच्या खोलीत रिकाम्या टेबलावर घंटा वाजली.

"ओ," मापसाहेब म्हणाले. गुडघा पलंगाला लागेल इतके ते जवळ होते.

काकूंनी दिव्याकडे पाहिलं. अंगठा उचलला आणि दुसऱ्यांदा दाबला. घंटा वाजली.

"अगं, ओ. मी इथंच आहे."

काकूंनी तिसऱ्यांदा दाबलं. मग हात छातीवर घेतला, मान कष्टाने दुसरीकडे वळवली, आणि त्या दाराकडे पाहत राहिल्या, थकलेल्या, पण आता निश्चिंत.

मापसाहेबांनी वही मिटली, स्टुलावरून उठले, पलंगाला वळसा घालून खोलीच्या बाहेर गेले, पार टेबलापर्यंत, आणि तिथून सहा पावलं टाकत दारात आले.

"आलो, आलो," ते म्हणाले.